नहाणीतील जलबंद : घरात शिरणाऱ्या गटार-वायूंचा शोध आणि निवारण

उन्हाळ्याची सुट्टी संपून जून महिन्यात शाळा उघडते, वर्गखोल्या झाडल्या जातात आणि स्वच्छतागृहाचे दार उघडताच कुजक्या अंड्यांसारखा उग्र दर्प बाहेर येतो. सुट्टीच्या काळात त्या खोलीत कोणी पाऊलही ठेवलेले नसते. मग ही घाण आली कोठून, असा प्रश्न मुख्याध्यापकांना पडतो. फिनेलची बाटली आणली जाते, फरशी घासली जाते, दोन तास बरे वाटते आणि दुपारनंतर वास पुन्हा येऊ लागतो. बंद राहिलेली शासकीय निवासस्थाने, विश्रामगृहे, ग्रामपंचायतींची क्वचित उघडणारी सभागृहे आणि शहरांतील इमारतींची तळघरे येथेही हाच अनुभव येतो. वापर कमी तेथे घाण कमी, हा सर्वसाधारण समज अशा ठिकाणी खोटा ठरतो. वापर थांबला म्हणूनच वास सुरू झालेला असतो.

या कोड्याचे उत्तर फरशीखालच्या अवघ्या तीन बोटे खोल पाण्यात दडलेले आहे.

पाण्याचे दार

घरातील प्रत्येक मोरी, शौचपात्र, हात धुण्याचे भांडे आणि स्वयंपाकघरातील सिंक यांची नळी अखेर गटाराला किंवा सेप्टिक टाकीला जाऊन मिळते. सांडपाणी जाण्याचा हा मार्ग गटारातील वायूंना घरात येण्यासाठीही तितकाच मोकळा असतो. पाणी जाऊ द्यावे पण वायू येऊ देऊ नये, ही दुहेरी कामगिरी करण्यासाठी नळीला एक वळण दिलेले असते. त्या वळणात थोडे पाणी नेहमी साचून राहते आणि तेच दाराचे काम करते. यालाच जलबंद म्हणतात. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचपात्राच्या ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात नळीला असेच इंग्रजी 'एस्' अक्षरासारखे वळण होते. त्यानंतर साधने बदलली, भांडी मातीची, बिडाची, चिनी मातीची आणि प्लास्टिकची झाली. परंतु वळणातील पाण्याचे महत्त्व कमी झालेले नाही.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला एक घरगुती नाव लाभले आहे. मोरीच्या जाळीखाली बसविल्या जाणाऱ्या भांड्याला बांधकाम क्षेत्रात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, आणि आपल्या न्हाणीघराचा हा शब्द इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय दरपत्रकांत आणि निविदांतही जसाच्या तसा रूढ झाला आहे.

नहाणी ट्रॅपमध्ये साधारणपणे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी उभे असावे, अशी अपेक्षा असते. हे संरक्षण किती नाजूक आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे नळीतील हवेच्या दाबात वातावरणीय दाबाच्या दोनशेव्या भागाएवढा जरी फरक पडला, तरी ५० मिलिमीटरचा जलबंद मोडू शकतो. विज्ञानाच्या शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. पारदर्शक नळी 'यू' आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि एका टोकातून हळूच फुंकावे. किती अल्प जोराने पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, ते मुलांना लगेच दिसेल. नंतर त्याच नळीचे एक टोक लांबवून खाली सोडले आणि दुसऱ्या टोकातून एकदम भरपूर पाणी ओतले, तर वक्रनलिकेच्या तत्त्वाने वळणातील पाणीही ओढले जाऊन नळी रिकामी होते. घरातील जलबंदांचे नेमके असेच होते.

वास आणि रोग यांची गल्लत

दुर्गंधीच्या बाबतीत दोन टोकांची मते आढळतात. वास हाच रोग, असे काही मानतात. तर वासाने काय होणार, असे म्हणून काही दुर्लक्ष करतात. पहिल्या मताचा इतिहास मुंबईत घडला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्या काळी दूषित हवा हेच रोगाचे मूळ समजले जात असल्याने शहरातील गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुऊन काढण्यावर मोठा खर्च झाला. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे सापडलेला होता. तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. गटारांतील वास धुतला गेला तरी उंदीर आणि पिसवा शिल्लकच होत्या.

आजही फिनेल, सुगंधी गोळ्या आणि ॲसिड यांवर होणारा खर्च बहुतांशी याच प्रकारचा असतो. फिनेलचा वास गटाराच्या वासावर पांघरूण घालतो, मार्ग बंद करीत नाही. ॲसिडने तर अपायच संभवतो. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव टाकलेल्या मोरीत ॲसिड ओतले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. गाळातील सल्फाइडशी ॲसिडचा संयोग झाला तर ज्या वायूच्या वासाची तक्रार असते, तोच अधिक प्रमाणात बाहेर पडतो. शिवाय सेप्टिक टाकीचे सारे काम जीवाणूंवर चालते. तिच्यात वारंवार जाणारी तीव्र जंतुनाशके ते काम मंदावतात.

दुसरे मतही तितकेच चुकीचे आहे. गटारातील वायू हे एक मिश्रण असते. त्यातील हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यांच्या वासाचा, हवेपेक्षा जड आणि विषारी असतो. दशलक्ष भाग हवेत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला त्याचा पत्ता लागतो. परंतु हेच प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पाचशे ते हजार भागांच्या दरम्यान माणूस काही मिनिटांत, कधी काही श्वासांतच, कोसळतो. मिथेन वायूला वासच नसतो; हवेत तो ५ ते १५ टक्के मिसळला असता ठिणगीने स्फोट होतो. घरातील मोरीतून येणाऱ्या वासात ही प्रमाणे सहसा फार अल्प असतात. डोके दुखणे, मळमळणे, डोळे चुरचुरणे एवढाच त्रास होतो. बंद टाकी आणि बंद चेंबर यांची गोष्ट मात्र निराळी, आणि तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

शोध कसा घ्यावा

प्रथम हा वास गटाराचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते आणि अनेकांची त्यामुळे फसगत होते. हा गॅसही हवेपेक्षा जड असल्याने तळघरात आणि जमिनीलगत साचतो. शंका असल्यास दिव्याचे बटण चालू किंवा बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. दुसरी शक्यता पाण्याची. काही विंधन विहिरींच्या पाण्यालाच सल्फाइडचा वास असतो. नळाचे पाणी पेल्यात घेऊन अंगणात जावे आणि तेथे त्याचा वास घ्यावा. तेथेही वास आला तर दोष पाण्याचा, न आला तर नळ्यांचा. मेलेला उंदीर ही तिसरी शक्यता. तो वास काही दिवसांत वाढतो आणि आपोआप ओसरतो, गटाराचा वास मात्र येत-जात राहतो.

येण्या-जाण्याची ही वेळच सर्वांत उपयुक्त पुरावा असते, आणि घरातील माणसांना ती कारागिरापेक्षा अधिक ठाऊक असते. सुट्टीनंतर किंवा खोली बंद राहिल्यावर वास येत असेल तर जलबंद सुकला आहे. वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली किंवा शौचपात्रात पाणी सोडले की खालच्या मोरीतून गुडगुड आवाज होऊन वास येत असेल तर जलबंद ओढला जात आहे. पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर येत असेल तर बाहेरचे गटार तुंबून वायू मागे ढकलले जात आहेत. पंखा लावल्यावर येत असेल तर न्हाणीघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा बंद दारामुळे बदली हवा मोरीतून खेचून घेत आहे. वास अहोरात्र सारखाच येत असेल तर कोठेतरी जलबंदच नाही किंवा सांधा फुटला आहे.

यानंतर जागा निश्चित करावी. सर्व मोऱ्यांत आणि भांड्यांत प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी ओतून एक रात्र वाट पाहावी. निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटण्याचा संभव असतो, कारण नळकारागिराला बोलावण्याआधी हा उपाय करून पाहण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याने भागले नाही तर जाड प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी घेऊन एकेका जाळीचे तोंड रात्रभर बंद ठेवावे. ज्या जाळीवर प्लास्टिक लावल्यावर वास थांबेल, ती दोषी. उदबत्तीच्या धुरानेही हवेचा प्रवाह दिसतो. परंतु गॅसगळतीची शंका पूर्णपणे दूर झाल्याशिवाय, तसेच चेंबर, टाकी किंवा पंपाच्या खड्ड्याजवळ कोणत्याही प्रकारची आग नेऊ नये.

जुन्या इंग्रजी आरोग्य-अभियंत्यांची एक चाचणी येथे उल्लेखनीय आहे. छतावरील उभ्या नळात पुदिन्याचे तेल आणि गरम पाणी ओतले जाई. घरात दुसरा माणूस ज्या खोलीत पुदिन्याचा वास येईल त्या खोलीची नोंद करी. ओतणाऱ्याने तपास संपेपर्यंत घरात यायचे नाही असा दंडक होता, कारण त्याच्या कपड्यांचाच वास सगळीकडे पसरे. मोठ्या इमारतींत आता यंत्राने निर्माण केलेला बिनविषारी धूर नळ्यांत सोडून हीच परीक्षा घेतात. शौचपात्रामागील भेगेतून किंवा भिंतीच्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ निघाली की फोडकाम त्याच जागी मर्यादित ठेवता येते. परीक्षेविना फरशी उखडणारा कारागीर स्वस्त पडतो, असे वाटते. परंतु बिल तसे सांगत नाही.

नेहमी आढळणारे दोष

सुकलेल्या जलबंदाचा उपाय पाणी हाच. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात न वापरलेली मोरी काही आठवड्यांत कोरडी पडते. दीर्घकाळ खोली बंद ठेवायची असल्यास मोरीत तांब्याभर पाणी ओतून त्यावर दोन-तीन चमचे खाद्यतेल सोडावे. तेलाचा थर पाण्यावर तरंगत राहतो आणि बाष्पीभवन बरेच मंदावते. प्रयोगशाळा असलेल्या शाळांत हात धुण्याच्या भांड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. शौचालयाकडे सर्वांचे लक्ष जाते, या भांड्यांकडे कोणाचेच जात नाही.

दुसरा दोष माणसांनी केलेला असतो. जाळीखालील नहाणी ट्रॅपमध्ये काही वेळा एक सुटी वाटी उपडी बसविलेली असते आणि तिच्यामुळेच जलबंद तयार होतो. केस अडकतात, पाणी तुंबते, म्हणून सफाई करताना ती वाटी काढली जाते आणि अडथळा गेला या समाधानात पुन्हा बसविली जात नाही. त्या दिवसापासून खोली आणि गटार यांच्यात काहीच आडकाठी राहत नाही. हात धुण्याच्या भांड्याखालील सुरकुत्यांची प्लास्टिकची नळी थेट जमिनीतील छिद्रात खोचलेली असते, तेथेही हाच प्रकार. नळीभोवतीची फट चिंधीने बुजविलेली दिसली तर जलबंद तपासलाच पाहिजे. नळीऐवजी बाटलीच्या आकाराचा ट्रॅप बसविणे आणि फट रबरी कडीने बंद करणे, हा अल्प खर्चाचा कायम उपाय आहे.

शौचपात्राची मान आणि मलवाहिनी यांचा सांधा ही तिसरी दुबळी जागा होय. हा सांधा केवळ सिमेंटने भरला तर भांड्याच्या सूक्ष्म हालचालींनी त्याला भेग पडते. पाणी बाहेर येईलच असे नाही, वायू मात्र येतात. भेगेवर वरून पांढरे सिमेंट फासल्याने ती महिना-दोन महिने झाकली जाते. सांधा मोकळा करून रबरी कडी असलेला जोड घालणे योग्य.

जलबंद ओढला जाण्याचा दोष अधिक मूलगामी असतो. उभ्या मलवाहिनीतून पाणी वेगाने खाली पडताना आपल्यामागे हवा खेचते आणि पुढील हवा दाबते. त्यामुळे वरच्या जलबंदांतील पाणी ओढले जाते, तळमजल्याच्या जलबंदांतील पाणी उसळते. या नळीला छतावर मोकळे तोंड असले तर हवा तेथून आत येते आणि जलबंद सुरक्षित राहतात. हे तोंडच वातवाहिनीचे प्रयोजन. परंतु गच्चीवर खोली बांधताना ती नळी मध्येच कापली जाते, पावसाचे पाणी शिरते म्हणून टोपीने पक्की बंद केली जाते, किंवा पक्ष्यांच्या घरट्याने बुजते. गच्चीवर पाच मिनिटे फिरून केलेल्या पाहणीत ज्या दोषाचा उलगडा झाला असता, त्यासाठी खालच्या मजल्यावर फरशा फुटतात. वातवाहिनीचे तोंड मोकळे, खिडक्यांपासून दूर आणि वर असावे. त्यावर बारीक जाळी असावी.

इमारतीबाहेर गली ट्रॅप आणि चेंबर तपासावे लागतात. गली ट्रॅप हा न्हाणीघर व स्वयंपाकघर यांच्या सांडपाण्याचा मुख्य वाहिनीला मिळण्यापूर्वीचा शेवटचा जलबंद असतो. स्वयंपाकाचे तूप-तेल त्यात थिजते, वरून राख-माती पडते आणि साफ करताना पहारीचा घाव बसून तो तळाशी तडकतो. चेंबरचे झाकण चौकटीत घट्ट बसलेले हवे. हायड्रोजन सल्फाइडपासून जीवाणू सल्फ्युरिक आम्ल बनवितात आणि काँक्रीटच्या झाकणाची खालची बाजू त्यामुळे पोखरली जाते. झाकण वरून धडधाकट दिसत असले तरी पालथे करून पाहणे हिताचे. दोन चेंबरांमधील नळी सरळ आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. एका टोकाला विजेरीचा प्रकाश आणि दुसऱ्या टोकाला लांब काठीस बांधलेला आरसा धरावा, आणि दोन्ही कामे जमिनीवरूनच करावीत. आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले तर नळी सरळ आणि मोकळी आहे. चंद्रकोर दिसली तर ती खचली आहे.

जमिनीचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षीच्या या हालचालीने उथळ पुरलेल्या नळ्यांचे सांधे निखळतात. अशा जमिनीत नळीखाली आणि भोवती वाळू किंवा मुरूम भरणे आवश्यक असते. वड-पिंपळाची मुळे सांध्यांतील ओलाव्याच्या मागाने आत शिरतात. कोकणात पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्डे पाणी घेईनासे होतात आणि वायू उलट फिरतात.

तळघराचा प्रश्न

जुन्या वाड्यांच्या तळघरांत धान्य आणि मौल्यवान चीजवस्तू असत, मोरी नसे; त्यामुळे तेथे दमट वास येई, गटाराचा नाही. आताच्या इमारतींत तळघरात वाहनतळ, गोदामे, यंत्रे आणि क्वचित स्वच्छतागृहही असते. तळघराची फरशी रस्त्यावरील गटाराच्या पातळीखाली असली तर पाणी उताराने वाहून जाऊ शकत नाही. ते खड्ड्यात साठवून पंपाने उपसावे लागते. या एका गोष्टीतून तळघरातील बहुतेक दुर्गंधी उगम पावते.

खड्ड्याचे झाकण सैल असेल किंवा पंपाच्या नळीसाठी ठेवलेले छिद्र बुजविलेले नसेल तर वायू सरळ तळघरात पसरतात आणि जड असल्यामुळे तेथेच रेंगाळतात. पंप बिघडून मलजल साचले की ते कुजू लागते. म्हणून खड्ड्याला रबरी गादीचे झाकण, इमारतीच्या माथ्यापर्यंत नेलेली स्वतंत्र वातवाहिनी, एकाऐवजी दोन पंप आणि पाणी ठराविक पातळीवर चढताच वाजणारी घंटा एवढी व्यवस्था हवी. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर पाणी मागे येऊ न देणारी झडप असावी आणि तिच्यात चिंधी किंवा प्लास्टिक अडकले नाही ना, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे. गटार तुंबल्यावर पाणी सर्वांत खालचे तोंड शोधते. झडप उघडी राहिली तर ते तोंड तळघरातील मोरीचे असते. फरशी धुण्यासाठी ठेवलेल्या, पण वर्षात दोनदा वापरल्या जाणाऱ्या मोऱ्या तळघरात हमखास सुकतात. ज्या मोरीची गरजच उरलेली नाही ती ट्रॅपसह काढून नळीला पक्के बूच बसविणे श्रेयस्कर.

तळघरात उतरताना वास तीव्र वाटला आणि काही क्षणांत तो अचानक नाहीसा झाला, तर हवा सुधारली असे न समजता तत्काळ वर यावे.

ग्रामीण शौचालये

२००० साली महाराष्ट्रात सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांमुळे खेड्यापाड्यांतील घरांत शौचालये झाली. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात तीव्र उताराचे भांडे आणि अवघा २० मिलिमीटरचा जलबंद असतो; त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. पाणी दुरून आणावे लागणाऱ्या घराला ही मोठी सोय आहे. परंतु जलबंद उथळ असल्याने भांडे बसविताना ते पातळीत बसणे महत्त्वाचे ठरते. भांडे थोडे जरी तिरपे झाले तर जलबंद नावापुरता उरतो. बिल मंजूर करण्यापूर्वी भांड्यात पाणी ओतून ते वळणात उभे राहते की नाही, एवढे पाहिले तरी पुढील अनेक वर्षांची तक्रार टळेल.

शोषखड्ड्याला वातवाहिनीची आवश्यकता नसते. वायू भोवतालच्या मातीत मुरतात. तरीही अनेक गवंडी सवयीने नळी उभारतात आणि तिच्यातून वास तसेच डास यांना वाट करून देतात. सेप्टिक टाकीला मात्र वातवाहिनी अनिवार्य आहे, आणि टाकी घराजवळ असल्यास ती घराच्या माथ्याहून सुमारे २ मीटर उंच न्यावी. तिच्या तोंडाला जाळी बांधण्याचा आग्रह आरोग्य कर्मचारी धरतात, त्यामागे हत्तीरोगाचे कारण आहे: हा रोग पसरविणारा क्यूलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. जाळी नायलॉनची असल्यास ती उन्हाने विरते, म्हणून दरवर्षी तपासावी.

दोन खड्ड्यांपैकी एक भरल्यावर जोड-चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला सुमारे दोन वर्षे बंद ठेवायचा, ही पद्धत योजनेत असली तरी व्यवहारात अनेकदा विसरली जाते. दोन्ही खड्डे एकदम वापरले जातात, एकदमच भरतात, आणि भांड्यातून वास येऊ लागतो. विश्रांती मिळालेल्या खड्ड्यातील मैल्याचे दुर्गंधरहित खत होते. सेप्टिक टाकीचा गाळ दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसावा लागतो. तो साचत गेला तर पाण्याला थांबण्यास जागा उरत नाही आणि अर्धवट कुजलेला मैला बाहेर पडतो. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीने घराघरांतील टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. टाकीचे पाणी रस्त्याच्या उघड्या गटारात सोडले असेल तर घरातला वास फक्त गल्लीत नेऊन ठेवलेला असतो. ते शोषखड्ड्यातच गेले पाहिजे.

टाकीत माणूस उतरवू नये

दुर्गंधीचा शोध घेताना सर्वांत मोठा धोका अखेरच्या पायरीवर असतो. टाकीचे झाकण उघडले जाते, नळी कोठे तुंबली ते पाहण्यासाठी एकजण आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन बळी जाण्याचे कारण हेच असते. आत प्राणवायू कमी आणि हायड्रोजन सल्फाइड अधिक असते. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम मोकळा होतो. झाकण तासभर उघडे ठेवले होते, पेटती काडी आत सोडून पाहिली होती, ही कारणे सुरक्षिततेची हमी देत नाहीत. काडीने तर मिथेन पेटू शकतो.

२०१३ च्या हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध आणि पुनर्वसन अधिनियमानुसार संरक्षक साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारातील मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वारसांना दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मधील निकालाने ती रक्कम तीस लाख केली. हा कायदा खासगी घरमालकालाही लागू आहे, ही बाब ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे. घरमालक मजुराला पाचशे रुपये देऊन जे काम सांगतो ते अनेकदा त्याच्या अज्ञानामुळे असते, पण उतरणाऱ्याच्या जिवाला त्याने फरक पडत नाही. एखादा माणूस आत पडल्याचे दिसल्यास मागोमाग न उतरता अग्निशमन दलाला बोलवावे आणि शक्य असेल तर वरूनच हवा आत सोडावी.

कोणत्याही घरगुती दोषासाठी टाकीत उतरण्याची गरज पडत नाही. तुंबलेली नळी वरून लवचिक सळईने किंवा पाण्याच्या दाबाने मोकळी होते. गाळ पंपाने उपसता येतो.

राहिला प्रश्न नोंदीचा. जमिनीखालील नळ्या कोठून जातात, हे बहुधा बांधणाऱ्या गवंड्यालाच ठाऊक असते आणि तो दुसऱ्या गावी गेलेला असतो. शाळा, उपकेंद्र किंवा पंचायत कार्यालय बांधून ताब्यात घेतानाच मोऱ्या, गली ट्रॅप, चेंबर, टाकी आणि वातवाहिनी यांचा साधा आराखडा पावलांच्या मापांसह काढून घ्यावा. त्याची एक प्रत दप्तरात ठेवावी आणि दुसरी काचेत बसवून स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूस टांगावी. टाकी शेवटची कधी उपसली, ती तारीख त्याच कागदाच्या तळाशी लिहिता येते.